गुलाबांची मालकीण

दवाखान्यात माझ्या शेजारी एक आजोबा बसले होते. पलीकडच्या बाईंनी त्यांना विचारलं, "काय झालं होतं हो तुम्हाला?"

"विषबाधा. गुलाबांवर माव्याची कीड पडली होती, म्हणून तंबाखू उकळून ते पाणी फवारत होतो."

"पण ते तर नैसर्गिकच की!"

"मीही तेच म्हणायचो. रसायन नाही, मग भीती कसली? तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत. वारा फिरला आणि सगळं माझ्याच अंगावर आलं. गरगरायला लागलं, ओकाऱ्या सुरू झाल्या."

"अगं बाई! मग?"

"आमची ही धावत आली. भिजलेले कपडे उतरवले, साबणाने अंग धुतलं आणि तडक इथे आणलं. डॉक्टर म्हणाले, आजींमुळे वाचलात."

"धीराच्या आहेत हो!"

"नुसती धीराची? आता बाग तिच्या ताब्यात आहे. मावा साध्या पाण्याच्या जोरदार धारेने पाडते, अळ्या हाताने वेचते. पानांवरचे काळे काटेरी किडे मी कीड म्हणून मारायचो. ती म्हणाली, अहो, ही लेडीबगची, त्या लाल ठिपकेवाल्या किड्याची पिल्लं, मावा खातात ती!"

"मग गुलाब कसे आहेत आता?"

"या ना बघायला! असे गुलाब माझ्या हातून कधी झाले नव्हते. मी आपला तिच्या हाताखाली पाइप धरतो."

तेवढ्यात औषधांची पिशवी घेऊन एक ठेंगणी आजी आली. "चला, नंबर आला आपला."

आजोबा उठले, सदरा नीट केला आणि बाईंकडे वळून म्हणाले, "हीच ती."