बर्फ आणला नाही

—बस, स्टुलावर बस. मॅडम मुंबईला गेल्यात, तुझं काम माझ्याकडंच हाय. तू कडूबा ना, पाचोडच्या सखारामचा? मग! फॉर्मवर नाव-गाव बघितलं अन् वळखलंच मी. तुझा बाप आमच्याकडं सालगडी व्हता, अन् तू आता चितेगावला कंपनीत, खिशाला बिल्ला लावून. बरं हाय. बायको कशी हाय, सरूबाई? टाकं सुकलं?

हे बघ, रिपोर्ट आला नाय अन् येणार बी नाय. का? सांगतो ना. सतरा वर्षं झाली मला ह्या लॅबमधी — पोटातला गोळा आला की बरणीत टाकायचा, वरून फॉर्मलीन, म्हंजी सडत नाय. तुझ्या बायकोची गर्भाची पिशवी आली तवा मॅडम म्हणल्या, हिच्यातला एक तुकडा बर्फात ठेवा, आजच्या विमानानं मुंबईला धाडायचा. असली गाठ लई क्वचित सापडती म्हणं. बाईच्या अंगातलं हार्मोन गाठीला खतपाणी घालतं, अन् ही गाठ तर ते स्वतःच बनवती — तिच्यात तसलं एन्झाईम असलं तर. असलं तर ते बंद करायच्या गोळ्या हायेत, सरूबाई चार-दहा वर्षं काढंल. पण मुंबईवाले रिपोर्टाबिगर गोळ्या देत नायत. अन् तुकडा फॉर्मलीनमधी बुडाला की एन्झाईम मेलं, मग काय तपासणार? दुसरा तुकडा? कुठून आणू? पिशवी तर सगळी काढली, अन् सगळी बरणीत गेली.

मी का टाकली? बर्फ नव्हता म्हणून टाकली. बर्फ नातेवाइकानं आणायचा, हा इथला कायदा. अन् त्या दिवशी तुमचा मोर्चा — विद्यापीठाचं नाव बदला म्हणून — सगळे रस्ते बंद. तुझ्याच लोकांनी वाट अडवली तर बर्फ येणार कुठून? मॅडमला मी तेच सांगितलं. लई हळहळल्या बिचाऱ्या.

काय? आणला व्हता? व्हय, आणला व्हता की, मला काय म्हाईत नाय का — गोणपाटात गुंडाळून, मोंढ्याच्या बाजारापासून पळत, निम्मा अंगावर वितळलेला. पण दारात येऊन काय म्हणालास? "सर्जेराव, लवकर घ्या." सर्जेराव! तुझा बाप मला धाकटे मालक म्हणायचा, वहाणा हातात घेऊन उभा राहायचा. मग म्हणलं, थांब जरा, ऱ्हाऊ दे पायरीवर. अन् मे महिना, आमच्याकडची चार माणसं आलेली, नाव बदलू नका म्हणून निवेदन द्यायला — माठात टाकला सगळा. पाणी असलं गार झालं, दात ठणकले...

असा काय बघतोस? काय म्हणलो मी? काय म्हणलो नाय. हा कागद घे — नातेवाइकाने बर्फ आणला नाही — इथं अंगठा दे. सही येती? मग सही कर, पूर्ण नाव लिही. पेन का खाली ठेवलास? नको करू. मॅडम तुझं ऐकतील का सतरा वर्षं इथं राबलेल्या माणसाचं? मीच लिहितो, सही करण्यास नकार. ऊठ आता, निघ. अन् घशाला कोरड पडली असंल तर नळ बाहेर हाय. त्या माठाला हात लावू नको.