देवाला पोचलेलं लेट्यूस

...आणि वर मलाच म्हणतात, "विठोजी, पुण्य तुम्हालाच!" आता पुण्य घेऊन मी काय करू हो? मला झाडाचं बी पाहिजे होतं! तुम्हाला सगळं सांगतो, पण सावकाश. स्वल्प थांबा.

तर ते लेट्यूस आमच्या नातीनं आणलं, रक्षितानं. देवनहळ्ळीकडं कुणी एक म्हातारी अक्का जुनी वाणं सांभाळून आहे, तिच्याकडनं चिमूटभर बी. पैसे नाहीत, पण झाडाला बी धरलं की मूठभर परत द्यायचं, कारण अक्काकडंही आता तेवढंच उरलेलं. नात म्हणाली, "अज्जा, मी शब्द दिलाय. तुम्हीच लावा." ती राहते कोरमंगलात, तिथं तिच्या खोलीत ऊन येत नाही, उन्हाचं भाडं वेगळं पडत असावं. मला वाचता येत नाही, पण थांबता येतं. घरापुढं आमची वीतभर बाग आहे, तिथं पेरलं. पानं कशी आली, तर हिरवी, आणि वर कुणी विडा खाऊन शिंतोडे उडवल्यासारखी तांबडी!

आता पाला दिसला की आमच्या बायकोचा, गोजराबाईचा, हात थांबतो होय? सोप्पू म्हणजे पालेभाजी, आणि पालेभाजी म्हणजे तूरडाळीत शिजवून वर लसणाची फोडणी. मी म्हटलं, अगं स्वल्प थांब, हे कच्चं खातात. "कच्चं गाई खातात," म्हणाली, आणि शिजवलं. टोपलीभर पाला, शिजून चमचाभर. आमटीत सापडेना! म्हणून पुन्हा उपटलं, पुन्हा शिजवलं, पुन्हा सापडेना... शेवटी एकच झाड उरलं, त्याच्याभोवती मी तिचीच जुनी साडी गुंडाळली, तेव्हा कुठं हात थांबला.

ते झाड वाढलं, माझ्या छातीला लागलं. पान कडू झालं, खोडाला दूध आलं. नातीचा फोन, अज्जा, बी आलं का? म्हटलं, स्वल्प थांब. मग बारीक पिवळी फुलं आली. फूल मिटलं की त्याचं बोंड होतं, बोंडाला कापूस धरतो, आपली म्हातारी वाऱ्यावर उडते ना, तसा. त्यातच बी. दोन-चार बोंडांना कापूस दिसला, म्हटलं आणखी स्वल्प थांबू, सगळं एकदम उतरवू.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. शेजारचे नरसिंहराव पहाटे फिरायला निघतात, हातात पिशवी, आणि गल्लीत ज्याचं फूल कुंपणाबाहेर डोकावेल ते देवाचं. विचारायचं नाही, इथं तशी रीतच आहे, आमची जास्वंद रोज जाते, मी कधी काही बोललो नाही. त्या दिवशी उठून बघतो तर झाडाचे शेंडेच नाहीत! तसाच गेलो त्यांच्याकडं, तर माझं सगळं बी देवाच्या डोक्यावर. आता तिथनं कसं उतरवणार, सांगा? म्हटलं, राव, ते लेट्यूस हो. तर म्हणाले, "गुरुवारी पिवळं लागतं, विठोजी. पुण्य तुम्हालाच." सरी, म्हणजे बरं, म्हटलं. नातीला काय सांगू? अक्काचं वाण देवाला पोचलं म्हणून? तिला म्हटलं, स्वल्प थांब.

तर ऐका. रावांच्या घरचं निर्माल्य त्यांच्या तुळशीच्या कुंडीत पडतं. त्यातनं रोप आलं! तेच तांबडे शिंतोडे! मी हात पुढं केला, तर रावांनी मनगट धरलं. "हात लावू नका. देवानं दिलंय." आता त्याला रोज हळदकुंकू असतं. पान तोडायची कुणाची छाती नाही, गोजराबाईचीसुद्धा, ती तर नमस्कार करून येते. मी म्हटलं, झकास! साडीपेक्षा हे बरं. नातीला कळवून टाकलं, शब्द राहिला तुझा, बी येतंय.

झाड छातीला लागलंय. काल कळ्या दिसल्या. राव शेजारीच उभे होते, एकदम खूष. म्हणाले, "विठोजी, आता तुमच्या कुंपणाला त्रास नको. गुरुवारचं पिवळं घरातच झालं."

गुरुवार परवा आहे. मघाशी नातीचा फोन आला होता, अज्जा, बी कधी? म्हटलं, देवाला विचारून सांगतो. स्वल्प थांब.