राउटरवरची टोपली

ऊर्जानगरात कंपनीच्या बसची वाट पाहताना माझ्यापुढे दोघं बोलत होते.

"हेमराजभाऊ, समोरच्या बिल्डिंगमंदी कमलाबाईकडे इंटरनेट पोचलं काय?"

"पोचलं न! माह्याच घरचं वाय-फाय. दोन जुने राउटर पडून होते. एक माह्या गॅलरीत ठेवला, एक बाईच्या. तिले पुण्याचा नातू कम्प्युटरवर पाहाचा होता."

"मंग, पाह्यला?"

"कायचा! ऐन रविवारी बंद. जाऊन पाह्यतो त राउटरवर दुधाचा गंज पालथा!"

"काऊन?"

"म्हणे, गॅलरीत वीज केंद्राची राख उडते. आता स्टीलच्या भांड्यातून सिग्नल कसा जाईन?"

"मंग?"

"गंज काढून बांबूची टोपली झाकली. लगेच नातू दिसला. बाईनं पदरानं कम्प्युटरची काच पुसली."

"राख बसली असंन."

"नाई भाऊ. नातवाचं नाक वाहून राह्यलं होतं."