गेटवरच्या घंटीची पूजा

(दसऱ्याची सकाळ. गारखेड्यातल्या एका बंगल्याचं अंगण. गेट सताड उघडं. वच्छलाबाई आणि त्यांचा मुलगा इंद्रजीत. सून मोनिका बाहेर गेलेली.)

वच्छलाबाई : वाजलीच नाय म्हणते ना! सणासुदीचं खोटं बोलंन का मी? सैपाकघरात त्या घंटीच्या डब्याखालीच पुरण वाटत होते.

इंद्रजीत : असं कसं होईल आई? गेटमधून मांजर गेलं तरी वाजते ती. परवा दूधवाला आला तेव्हा तूच कानावर हात ठेवलेस.

वच्छलाबाई : मग इचार त्या डब्याला, मला कामून दम देतोस? अन् गेले तर गेले तुझे अण्णा. आपट्याची पानं आणायला गेले असतील कोपऱ्यावर. तू एवढा पांढराफटक का पडलास?

इंद्रजीत : कोपऱ्यावर नाहीत. मोनिका स्कूटीवर चौकापर्यंत बघून आली, आता परत शिवाजीनगरकडं गेलीय. औरंगपुऱ्यात रामकिसनकाकांच्या दुकानात फोन लावला, तिथंही नाहीत. थांब, तो गेटवरचा सेन्सर बघू दे आधी. बॅटरी तर परवाच बदलली होती मी.

वच्छलाबाई : बघ बाबा, बघ.

इंद्रजीत : आई! हे काय आहे? हे काय थापलंय याच्यावर?

वच्छलाबाई : थापलंय काय म्हणतोस? हळदीकुंकू हाय ते. काल खंडेनवमी नव्हती का? तुझ्या गाडीला लावलं, पाण्याच्या मोटारीला लावलं, मिक्सरला लावलं. हे बिचारं उन्हापावसात उभं राहून घर राखतंय, त्यालाच तेवढं इसरू? झेंडूची माळ बी घातली.

इंद्रजीत : अगं, त्याच्या डोळ्यावरच लावलंस! आणि वरून माळ! समोरून कुणी गेलं की याला कळतं, मग आतली घंटी वाजते. तू आंधळं करून ठेवलंस त्याला!

वच्छलाबाई : अगं बाई! मला काय ठाव त्याचं कपाळ कुठं अन् डोळा कुठं? मधोमध गोल दिसलं, तिथं लावलं. बया बया बया! म्हणजे रातभर चोर शिरला असता तरी—

इंद्रजीत : चोराचं मरू दे गं!

वच्छलाबाई : मरू दे काय? चोरासाठीच आणली ना ती?

इंद्रजीत : थांब, ही माळ काढू दे आधी.

वच्छलाबाई : इंद्रा. माझ्याकडं बघ. गल्लीत चोऱ्या वाढल्या म्हणून घंटी आणली, असं तूच म्हणला होतास.

इंद्रजीत : चोरासाठी नाही आई. अण्णांसाठी बसवली ती.

वच्छलाबाई : कुणासाठी?

इंद्रजीत : पोळ्याच्या आधी चष्म्याचा नंबर काढायला म्हणून नेलं होतं ना मी त्यांना, ते मेंदूच्या डॉक्टरकडं नेलं होतं. विसरण्याचा आजार आहे. वाढतच जाणार म्हणाले. बाहेर एकटं सोडू नका म्हणाले.

वच्छलाबाई : अन् मला नाय सांगितलं तू? मी कोण हाय या घरात? भाडेकरू?

इंद्रजीत : तुझं बीपी केवढं असतं माहितीये ना? मला भीती वाटली.

वच्छलाबाई : आग लाव त्या बीपीला! माझा नवरा, अन् मलाच खबर नाय! त्यांच्या येण्याजाण्यावर घंटी बसवलीस तू? गळ्यात बांधायची तेवढी राहिली बघ!

इंद्रजीत : मग काय करायचं होतं? गेटला कुलूप घालायचं? बापाला कोंडून ड्युटीवर जायचं? सांग ना! ... आई, रडू नको गं. चुकलं माझं. तुला सांगितलं असतं तर तू तरी लक्ष ठेवलं असतंस.

वच्छलाबाई : मला म्हाईत होतं.

इंद्रजीत : काय?

वच्छलाबाई : डॉक्टरचं नाय. इसरतेत, ते म्हाईत होतं. आखाडापासून. जेवून उठतेत अन् मलाच इचारतेत, ताट कवा वाढतीस. शर्टाची बटणं मीच लावते रोज, तुम्ही उठायच्या आत.

इंद्रजीत : आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस?

वच्छलाबाई : काय बोलू? लेकाला सांगू, तुझा बाप भ्रमिष्ट झाला म्हणून? सुनबाईसमोर काय इज्जत राहिली असती त्यांची? म्हणलं, मी हाय तवर झाकीन. घंटी बसली तवा बरंच वाटलं मला. म्हणलं, बाहेरून येणाऱ्याचं माझं लेकरू बघतंय, घरातल्याचं आपण बघू.

इंद्रजीत : अरे देवा! म्हणजे मी तुझ्यापासून लपवत होतो आणि तू माझ्यापासून.

वच्छलाबाई : सकाळचं तर तुला सांगितलंच नाय मी अजून.

इंद्रजीत : काय झालं सकाळी?

वच्छलाबाई : मी पुरण वाटायले. दारात येऊन उभे राहिले. मला म्हणतेत, "बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या?"

इंद्रजीत : तुला? तुला म्हणाले असं?

वच्छलाबाई : मला. पर मी हसले. म्हणलं, बसा, च्या ठेवते. अन् पाठ फिरवून पदर डोळ्याला लावला. इंद्रा, तेवढ्यात गेले ते. माझ्या पाठीमागून गेले. घंटी वाजंना म्हणून मी वळून बी पाहिलं नाय.

इंद्रजीत : थांब, थांब, फोन वाजतोय. नवीन नंबर आहे. हॅलो? कोण? ... मोठ्यानं बोला, स्पीकरवर टाकतो.

आप्पा : मी आप्पा बोलतो, मेंढरंवाला. गावाकडं दरसाली तुमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचो, तवाचा लंबर हाय तुमचा माझ्यापाशी. इथं हर्सूलच्या पुढं कळप हाय आमचा. पुंजारामभाऊ बसलेत माझ्याजवळ.

वच्छलाबाई : आप्पा! बरे हायत का हो ते? लागलं-बिगलं नाय ना?

आप्पा : ठणठणीत हायत वहिनी. रिक्षातून उतरून अजिंठा रोडनं पायी निघालते. ट्रकांची ही गर्दी! माझी नजर पडली म्हणून बरं. मग त्यांनीच हाक मारली, आप्पा, औंदा मेंढरं कवा आणतोस म्हणून.

वच्छलाबाई : तुम्हाला वळखलं त्यांनी?

आप्पा : लगेच. नावानिशी.

वच्छलाबाई : बरं झालं हो. लई बरं झालं.

इंद्रजीत : आप्पा, हात जोडतो, त्यांना हलू देऊ नका. मी गाडी काढतोच.

आप्पा : नाय हलू देत. पर भाऊ ऐकंनात. म्हणतेत, दसरा आला, बायको अजून माहेरी, तिला आणायला चाललो. म्हणतेत, घरात एक म्हातारी बाई हाय, लई गुणाची हाय, पर सणाला आपली वच्छला नको का घरात? वहिनी, तुम्ही माहेरी हायसा का? मला तर काय उमजंना.

इंद्रजीत : आप्पा, त्याचं असं आहे—

वच्छलाबाई : तू गप रे. आप्पा, हायच मी माहेरी. त्यांना म्हणावं, तिथंच सावलीला बसा. वच्छला निघालीय. तुम्ही पायी यायचं नाय.

आप्पा : बरं वहिनी, सांगतो. ... सांगितलं. हसायलेत बघा भाऊ.

इंद्रजीत : चल आई, बस गाडीत. मोनिकाला वाटेतून फोन करतो.

वच्छलाबाई : जरा थांब. पातळ बदलून येते.

इंद्रजीत : आई, आता? अगं, तिकडं ते रस्त्यावर बसलेत!

वच्छलाबाई : मग? माहेराहून येणारी बाई असल्या विटक्या पातळावर येती व्हय?