मागच्या ढिगातला बर्फ

टॉल्बीच्या आइस हॉकी रिंकवर खेळाचा पहिला भाग संपला आणि कॉफीसाठी रांग लागली. माझ्यापुढे शेजारच्या गावचा ओरेस्ट आणि त्याचा मेहुणा मेल्विन. त्यांच्या गावच्या रिंकवर बावीस वर्षं ओरेस्टच पाणी गोठवून बर्फ घालतो.

"दाजी, काचेसारखा आहे हो इथला बर्फ."

"खाली पांढरा रंग जास्त मारलाय. म्हणून चकाकतोय."

"चकती एकदाही उडाली नाही."

"बाहेर उणे तीस आहे. आज डबक्यावरसुद्धा उडणार नाही."

"आपल्याकडेही उणे तीसच आहे. परवा आपल्या गोलपुढे खड्डा पडला होता."

"तो पोरांनी पाडला."

"इथेही पोरंच खेळतात. इथे बर्फ घालणारा लायल म्हणे गरम पाणी घालतो."

"मी काय सरबत घालतो? त्याच्या विहिरीचं पाणी गोडं आहे, त्यात त्याचं कसलं कर्तृत्व?"

"गोडं आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"रांग सरकली, पुढे हो."

"आणि तो थर्मास पोटाशी काय धरलाय? द्या, कॉफी भरून घेऊ."

"भरलेला आहे."

कॉफी देणारी बाई हसली. "ओरेस्ट, रिंकच्या मागच्या ढिगातला बर्फ नका नेत जाऊ. यंत्राने खरवडलेला असतो तो, त्यात तेल मिसळतं. लायलने तुमच्यासाठी चांगला तुकडा फ्रीजरमध्ये काढून ठेवलाय."

ओरेस्टने तुकडा घेतला. दिव्यापुढे धरून उलटसुलट पाहिला.

"बघ मेल्विन. साधा सरळ कापताही येत नाही त्याला."