उरलेली मात्रा

काकू : आधी त्या फेऱ्या थांबव, लगबगे; उगाच नाही तुला सगळे ‘लगबग’ म्हणत. ये, अशी जवळ बस. एक गोष्ट सांगते. ऐकून घे, मग जायचं तिकडे जा.

संगीतकार : काकू, ही काय गोष्टी ऐकायची वेळ आहे? पंचवीस मिनिटांत पडदा वर जाईल. घशाला कोरड पडलीय आणि हातांना घाम फुटलाय. उलटं असतं तरी चाललं असतं.

काकू : सहाशे माणसांना तू कधीपासून भ्यायला लागलीस? तुझं ते साबणाच्या जाहिरातीचं गाणं तर सगळं गाव गुणगुणतं. आमच्या दूधवाल्याच्या फोनला तेच आहे. रोज सकाळी सहाला दुधाआधी साबण येतो दारात.

संगीतकार : साबणाचं गाणं फसलं तर दुसरं करून घेतात. इथे पहिल्या दोन रांगांत गुरुजींचे सगळे शिष्य बसलेत. मागे ड्रम आणि गिटार मांडलेलं बघून आत्ताच एकाने नाक मुरडलं, मी पडद्याच्या फटीतून पाहिलं.

काकू : फटीतून पाहिलं की नाकंच दिसतात.

संगीतकार : अकरा वर्षांत यांनी मला एकदाही बोलावलं नाही. ‘विद्या विकून खाल्ली’ म्हणायचे. आज गुरुजींना जाऊन वर्ष झालं म्हणून पहिल्यांदा हे दार उघडलंय. आणि काकू, ते का उघडलं ते तुम्हाला...

(दारावर टकटक. थोरले गुरुबंधू, दादा, हातात कागद घेऊन आत येतात.)

दादा : येऊ ना? काकू, तुमची खुर्ची मधोमध ठेवलीय, उशी घालून. लगबग, निवेदन एकदा तुझ्या कानावर घालतो. ‘श्रोतेहो, गुरुजींची एक रचना आम्हा अठरा शिष्यांना अर्धीच ठाऊक आहे. मुखडा सर्वांना मिळाला. अंतरा मात्र त्यांनी एकाच शिष्येच्या स्वाधीन केला. आज ती रचना प्रथमच पूर्ण सादर होत आहे.’ कसं वाटतं? ‘स्वाधीन’ जरा जड होतंय का?

संगीतकार : दादा, ते एवढं सगळं सांगायलाच हवं का?

दादा : म्हणजे काय! अगं, अंतरा मागितला की गुरुजींचं एकच उत्तर, ‘तो तिच्याजवळ आहे.’ आम्ही इथे पहाटे उठून गळे घासतोय, तू तिकडे फेस विकतेयस, आणि अंतरा तुझ्याजवळ! जळून कोळसा व्हायचा माझा. खोटं कशाला बोलू?

काकू : आता विझला का कोळसा?

दादा : धुमसतो अधूनमधून. ते ड्रमबिम मला मुळीच पसंत नाही, हे तुला तोंडावर सांगतो. पण म्हटलं, शब्द त्यांचे, सूर त्यांचे, पत्रिकेत ‘संपूर्ण रचना : गुरुजी’ असं छापलंय, मग ड्रमसकट ऐकू. चला, मी माइक बघून येतो. मघापासून शिट्ट्या मारतोय तो.

संगीतकार : ... गेले?

काकू : गेले. दार लोटून घे. हं, बोल आता. मघाचं अर्धं राहिलं.

संगीतकार : अंतरा माझ्याजवळ नाही, काकू. कधीच नव्हता. साबणाचं गाणं लागलं त्या आठवड्यापासून गुरुजी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, ते अंतरा कुठला देतात? दोन महिन्यांपूर्वी दादांचा फोन आला, ‘अंतरा घेऊन ये.’ मला वाटलं, काहीतरी घोटाळा आहे. ‘नाही’ म्हणावं तर गुरुजी खोटे पडतात. ‘हो’ म्हणावं तर... मी ‘हो’ म्हणाले. मग बसून केला. शब्द, चाल, सगळं माझं. आणि पत्रिकेसाठी नाव विचारलं तेव्हा गुरुजींचं दिलं. त्यांच्या ओळीखाली माझं नाव लिहायला हात धजेना. तुम्ही मला काहीही बोला.

काकू : बोलायचंच होतं, म्हणून तर जवळ बसवलं. ऐक. तो अंतरा नव्हताच.

संगीतकार : म्हणजे?

काकू : म्हणजे आमच्या यांना झाला नाही. एकोणीस वर्षं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचे, चमच्याने सात मात्रा ठोकायचे. माझ्या टेबलाला त्या जागी खळगा पडलाय, येऊन बघ. ओळ सुंदर जायची, आणि परत यायच्या वेळी एक मात्रा उरायची. ती कापली की ओळ लंगडायची, ठेवली की ताल सुटायचा. मग कागद फाडायचा. विजेच्या बिलांच्या पाठीसुद्धा सोडल्या नाहीत. शिष्य मागायला लागले. एवढा मोठा माणूस, ‘मला जमत नाही’ म्हणायला जीभ उचलेना. एक दिवस म्हणाले, ‘तो तिच्याजवळ आहे.’ खोटं एकदा घरात घेतलं की रोज जेवायला घालावं लागतं गं.

संगीतकार : पण माझंच नाव का? माझ्यावर विश्वास होता म्हणून?

काकू : नाही. तू परत यायची नाहीस, याची खात्री होती म्हणून. गोड करून सांगू का? नाही सांगत. राग होता त्यांना. तुझं गाणं लागलं की रेडिओ बंद करायचे. फक्त, संपल्यावर बंद करायचे.

संगीतकार : आज कशाला सांगितलंत मला हे? तोंडातून सूर कसा निघायचा आता?

काकू : काल तालमीला मी मागच्या रांगेत बसले होते. बोटांवर सात मोजत होते. मुखड्याला बरोबर बसलं. अंतऱ्याला बघते तर एक बोट जास्त निघालं. म्हटलं, ही तीच मात्रा! आमच्या टेबलावरची. कुठून आणलीस?

संगीतकार : साबणाकडून. हसू नका. जाहिरातीत ओळ संपली की एक मात्रा मोकळी सोडायला लावतात, वडी नीट दिसावी म्हणून. माझ्याही अंतऱ्यात ती एक उरत होती. मी कापली नाही. ड्रमवाल्याला म्हटलं, अंतऱ्यापुरते आठ धर, आणि आठवीवर कोणीच काही वाजवायचं नाही. मीसुद्धा गप्प. मग ओळ आपली आपण परत येते.

काकू : मग हे त्यांचं कसं होईल? त्यांना जिथे वाट सापडली नाही तिथे तुला सापडली. आणि पाटी त्यांच्या नावाची?

संगीतकार : त्यांच्या नावाने गायलं तर सगळे डोळे मिटून माना डोलावतील. ‘माझा’ म्हटलं तर त्याच सुरांना म्हणतील, बाजारूने गुरूचं गाणं नासवलं. अर्ध्यातून उठतील, काकू. हे दार पुन्हा उघडायचं नाही. आणि गुरुजी? सहाशे माणसांपुढे मी त्यांना उघडं पाडू?

काकू : माझे वडील देवाच्या कथा गाऊन सांगायचे. म्हातारपणी मधेच विसरायचे. मग हात जोडून म्हणायचे, ‘बाबांनो, पुढचं मला येत नाही. मला आठवेपर्यंत तुम्ही नाम घ्या.’ आणि सगळी सभा नाम घ्यायची. कथेपेक्षा लोकांना तेच आवडायचं. एकही माणूस उठून गेलेला मी पाहिला नाही. यांना मी हे किती वेळा सांगितलं! पण बायकोच्या माहेरचं शहाणपण कोण ऐकतो? त्यांचं नाव मोठं आहे, त्यातून चार ओळी गेल्याने ते उघडे पडत नाहीत. तुझं लेकरू मात्र दुसऱ्याच्या नावावर लावलंस, तर उद्या ते अडखळलं की उचलायला कोण जाईल?

दादा : (पुन्हा आत येत) पाच मिनिटं! माइक शहाणा झाला. काय गं, चेहरा असा का?

संगीतकार : दादा, अंतरा गुरुजींचा नाही. माझा आहे.

दादा : थट्टेची वेळ आहे का ही?

काकू : थट्टा नाही. त्यांनी अंतरा केलाच नव्हता. मी साक्षीला आहे.

दादा : काकू, म्हणजे... गुरुजी आम्हा अठरा जणांशी खोटं बोलले?

काकू : अडले होते. अडलेला माणूस बोलतो तसं बोलले.

दादा : पत्रिका छापलीय! लोक उठून जातील. उठणाऱ्यांत पहिला मी असेन, हे आत्ताच सांगतो. दाराजवळची खुर्ची घेतो मी.

संगीतकार : घ्या. मी तरीही गाणार आहे.

काकू : निवेदन करून मग उठ हो. पेन आहे ना खिशात? तेवढं ‘स्वाधीन’ खोड. जडच होतं ते.

दादा : ... खोडलं. बरं, ती जी एक मात्रा उरते, तिचं काय केलंस?

संगीतकार : ती उरते हे तुम्हाला कसं ठाऊक?

दादा : ते राहू दे. मीही कागद कमी फाडले नाहीत. काय केलंस?

संगीतकार : रिकामी ठेवली.

दादा : रिकामी... हं. सांग लवकर, काय म्हणू माइकवर?

संगीतकार : म्हणा, मुखडा गुरुजींचा, अंतरा हिचा. बिघडला तर हिला बोला. आणि ओळ संपताना सगळी वाद्यं थांबतील, गाणारीही थांबेल. कोणी चुकलं असं समजू नका. तेवढ्यात गुरुजींची आठवण काढा.