वहिनीचा उंच चेंडू

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, क्लबचे चिटणीस, आजची सत्कारमूर्ती म्हणजे माझी वहिनी, आणि कामावरून थकूनभागून आलेल्या टेनिसप्रेमी मित्रमैत्रिणींनो,

आम्ही नणंद-भावजय या क्लबकडून वर्षानुवर्षं दुहेरी खेळलो. नणंद-भावजय एकाच बाजूला आणि तरी भांडण नाही, हे बघायलाच सुरुवातीला लोक यायचे. भांडण होतं हो! ते आम्ही घरी जाऊन करायचो.

वहिनीचा बॅकहँड कच्चा. प्रशिक्षक म्हणाले, जे दुखतं तिथेच औषध लावा. झालं! दिवसभर इस्पितळात रुग्णांचे एक्स-रे काढून ही यायची आणि भिंतीवर बॅकहँड बडवत राहायची. वर्ष गेलं. बॅकहँड होता तसाच, वर खांदा धरला. एका संध्याकाळी तिने रॅकेट बाकावर टाकली. "वन्सं," (रागावली की मी ताईची वन्सं होते) "जे येत नाही त्याच्यामागे किती धावायचं? मला लॉब येतो. तोच पक्का करते."

"अगं, उंच चेंडू टाकायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, हा काय फटका झाला?"

"माझा आहे ना? मग झाला."

मागच्या रेषेच्या जरा आत टॉवेल अंथरायची आणि त्यावर चेंडू टाकत बसायची. वारा असो, ऊन असो, धावता धावता, तिरकी वळून. उभी अशी राहायची की बॅकहँडची वेळच येऊ नये. उरलेलं मैदान कोणी सांभाळायचं? नणंदेने!

गेल्या वर्षी माझ्या भावाला अर्धांगवायू झाला. तेव्हापासून हिचा दिवस म्हणजे इस्पितळातली नोकरी, त्याचं खाणंपिणं, त्याला कुशीवर वळवणं, मग उरलंसुरलं टेनिस. यंदाच्या अंतिम सामन्यात समोर दोन कॉलेजच्या मुली. पहिला सेट त्यांनी सहज घेतला. बाजू बदलताना ही बाकावर बसली ती उठेना.

"ताई, पाय संपले."

"सोडून देऊ या," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

ती पाणी प्यायली. "हात आहेत अजून. मला पळावं लागेल असं काही करू नकोस."

मग चेंडू वर जायला लागले. एकामागून एक, आणि प्रत्येक रेषेच्या आत. मुली मागे पळायच्या, पुढे यायच्या, डोळ्यांवर ऊन, स्मॅश जाळ्यात. एक चिडून ओरडली, "याला काय टेनिस म्हणतात?" वहिनीने आणखी एक वर पाठवला.

आम्ही जिंकलो. ही तिथेच खाली बसली आणि म्हणाली, "घरी फोन लाव, जेवले का विचार." कार्यालयात आमचा कपासोबतचा फोटो आहे. त्यात हिचे डोळे मिटलेले आहेत. छायाचित्रकाराला दोष देऊ नका, ही झोपली होती.

चिटणीस साहेबांची इच्छा होती की हिने आता नव्या मुलींना शिकवावं. मी घरी दोघांसमोर विषय काढला. भाऊ हल्ली अडखळत बोलतो. बराच वेळ ओठ जुळवत राहिला, मग म्हणाला, "तिला... बसू... दे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा हिला रडताना पाहिलं.

तेव्हा, मंडळी, हिला उठून दोन शब्द बोलायचा आग्रह कृपा करून कोणी करू नका. तिच्या वतीने सर्वांचे आभार मीच मानते. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. नमस्कार.